वाढवलेली यादी

एकच वस्तू दोन घरी ठेवायची, म्हणजे एका घरातून गेली तरी दुसऱ्या घरात ती असते. एवढी साधी युक्ती, पण तिचा मला फार गर्व होता. मग एका सकाळी ती वस्तू दोन्ही घरांतून एकदमच गेली, आणि गेली ती माझ्याच तोंडून निघालेल्या एका शब्दाने. त्याला आता किती वर्षं झाली. तरी पेणच्या क्लासमध्ये त्या रिकाम्या स्क्रीनसमोर उभी असलेली मी आठवले, की अजून मी हातातलं काम खाली ठेवते.

वस्तू म्हणजे रक्तदात्यांची यादी. काळ नव्वदीच्या शेवटाकडचा. मी तेव्हा पेणला, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवत होते. खाली वर्षभर मूर्ती घडायच्या, वर चार मशीनं आणि त्यांच्यावर बसणारी प्लास्टरची धूळ. आमचं घर खाडीकडच्या गावातलं, वडील मिठागरावर. त्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे नाक जरा वरच असायचं आणि जीभ त्याच्याही पुढे. दादा, माझा मोठा भाऊ, धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता आणि रोह्याला दोन खोल्या घेऊन राहायचा. वहिनी गागोद्याच्या बाजूची, भातशेती करणाऱ्या घरातली, दहावी झालेली. विचारलं तर बोलायची, न विचारता सहसा नाही. मी तिला साधी समजायचे, आणि साधी म्हणताना मला जे म्हणायचं असे ते काही फार चांगलं नसे.

तिचं रक्त ओ निगेटिव्ह. कागदावर ते आधीपासून लिहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ आम्ही कुणाला विचारला नव्हता. तो कळला तिच्या पहिल्या बाळंतपणात, रक्त जायचं थांबेना तेव्हा. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. माणूस पांढरं पडतं असं आपण सहज म्हणतो. किती पांढरं पडतं ते मी त्या दिवशी पाहिलं. दादा मित्राच्या स्कूटरवरून धाटावला पळाला आणि शिफ्ट सुटताना बसमध्ये चढणाऱ्या, गाडीला किक मारणाऱ्या प्रत्येकाला अडवून त्याचा रक्तगट विचारत राहिला. लोकांना वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बहुतेकांना आपला गट ठाऊकच नव्हता. शेवटी एका फिटरने खिशातून कंपनीचं कार्ड काढलं, त्यावर तो लिहिलेला होता, आणि तो माणूस डबा हातात धरूनच दादाच्या मागे स्कूटरवर बसला. वहिनी वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दादाला सांगितलं, की पुढच्या वेळी कळा सुरू व्हायच्या आत रक्त देणारी माणसं ठरलेली असली पाहिजेत, नाहीतर पुढची वेळ आणूच नका.

ते ऐकून मी घरी आले आणि दोन दिवस बोलले नाही. माझ्या बाबतीत हे इतकं अघटित होतं, की आईने माझी दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी मी यादी करायला घेतली.

दोन वर्षं मी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. रविवार आला की निघायचं. धाटावच्या कंपन्यांच्या गेटवर, पेणच्या कारखान्यांत, खाडीकाठच्या गावांत, एकदा तर एका लग्नाच्या मांडवात. नाव, गाव, गट, निरोप कुणाकडे द्यायचा, शिफ्ट कोणती, असा एक फॉर्म मी छापून घेतला होता. ज्यांना गट माहीत नसेल त्यांना तपासणीला पाठवायचं. पुरुषमाणसं कोयत्याने कापलं तर हूं की चूं करणार नाहीत, पण बोटाला सुई टोचायची म्हटली की त्यांना शेतावरचं काम आठवायचं. दोन वर्षांत चारशेच्या वर नावं जमली. त्यात ओ निगेटिव्ह सात. फक्त सात, आणि त्यातला एक तो फिटर. मी वहिनीला नेहमी सांगायचे, ही सगळी यादी तुझी आहे गो, बाकीच्यांना तुझ्यामुळे मिळतेय.

तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, की ही यादी एका मशीनवर ठेवणं धोक्याचं आहे. क्लासमधलं एक मशीन महिन्यापूर्वीच धुळीने बंद पडलं होतं आणि त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. शिवाय क्लास रविवारी बंद. रविवारी गरज पडली तर माडीची किल्ली शोधत बसायचं का? मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की मोठ्या देशांत एकच माहिती वेगवेगळ्या गावांतल्या मशीनांवर ठेवतात आणि ती मशीनं टेलिफोनवरून एकमेकांशी बोलून आपापली प्रत ताजी ठेवतात. अशा प्रत्येक ठिकाणाला नोड म्हणतात. झालं, माझ्या डोक्यात नोड शिरला. पेणला एक, रोह्याला दादाच्या घरी एक, पुढे अलिबाग, माणगाव. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. नियम अगदी सरळ ठेवला: एका मशीनवर जो बदल होईल तो दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप होईल. नवं नाव इथे घातलं की तिथे उमटेल. पुसलेल्या नावाचं काय, याचा विचार मी केला होता. तेही तिथे पुसलं जाईल. दोन्हीकडे सारखं असलं पाहिजे ना. ते लिहिताना मी स्वतःवर खूश होते, हे मला आज सांगवत नाही.

मशीन मी एसटीने नेलं. मशीनचा डबा गोणपाटात बांधून सीटखाली आणि मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टरला वाटलं टीव्ही आहे, तो म्हणाला सामानाचं तिकीट काढा. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली ती अर्धा तास, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या बाईने गोधडी दोनदा उचलून आत बाळ आहे का बघितलं.

रोह्याला पहिला धक्का बसला तो खराखुरा. दादाच्या घरात दोनच पिनांचं सॉकेट, अर्थिंग नाही. मशीन लावलं, वहिनीने त्याच्यावरची धूळ पुसायला ओलं फडकं लावलं आणि किंचाळून मागे भिंतीवर आपटली. ती तेव्हा पाच महिन्यांची. मी जागच्या जागी थिजले. जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तिलाच मी पहिल्या दिवशी मारणार होते. तिला काही झालं नव्हतं, बोटं तेवढी झिणझिणत होती, पण दादाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्याने मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीतला इलेक्ट्रिशियन आला. मागच्या अंगणात खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी उभी करायची आणि भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, म्हणजे वीज जमिनीत जाते, असं तो म्हणाला. मीठ मी आमच्या आगरातून मागवलं. वडिलांनी अख्खी गोण पाठवली, वर निरोप, की अजून लागलं तर सांग. चाळीतल्या बायका खड्ड्याभोवती उभ्या राहून बघत होत्या. मीठ, कोळसा, गर्भार सून, एवढं बघून त्यांनी आपापला निष्कर्ष काढला आणि एकीने गुपचूप वरून लिंबूही टाकलं.

नोड या शब्दाचं तिथे लगेच नोंद झालं. वहिनीकडे नोंद आलीय म्हटल्यावर शेजारची म्हातारी नातवाचा जन्म लिहून घ्या म्हणत दारात आली. वहिनीने तिला बसवून चहा दिला आणि जन्म लिहायचं ऑफिस कुठे आहे ते समजावलं. मी असते तर हसले असते.

मी त्या रात्री रोह्यालाच राहिले. सकाळी सहाला पेणचं मशीन ठरल्याप्रमाणे आपणहून फोन लावणार होतं. सहा वाजता फोन एकदाच वाजला, फोनला जोडलेल्या मोडेमच्या खोक्यातून घसा खरवडल्यासारखा आवाज आला, लाल दिवे लुकलुकले आणि काळ्या स्क्रीनवर पहिलं नाव उमटलं. मग दुसरं. कुणी माणूस पलीकडे नाही, आणि नावं येताहेत. मीच केलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. वहिनी चहाचा कप हातात धरून उभी होती. ती हळू आवाजात एकेक नाव वाचत राहिली, चहाचा घोट न घेता.

तिला मी दोन तासांत सगळं शिकवलं. इंग्रजी नको म्हणून स्क्रीनवरची वाक्यं मी मराठीच ठेवली होती, फक्त अक्षरं रोमन. एखादा माणूस वारला किंवा कायमचा गाव सोडून गेला तर त्याच्या नावावर जाऊन आठ नंबरचं बटण. मशीन विचारेल, ‘नक्की?’ मग हो. चुकून कुणाचं नाव जायला नको म्हणून प्रत्येक नावाला वेगळं ‘नक्की?’ मी मुद्दाम ठेवलं होतं. आणि यादीची जागा भरली तर नऊ नंबरचं बटण, म्हणजे पुढची जागा उघडेल. हे शेवटचं मी एसटीची वेळ झाली म्हणून दारातून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मला एकदा विचारलं होतं, की भरलेले फॉर्म कुठे ठेवलेत. मी म्हटलं, त्यांची आता काय गरज, दोन गावांत यादी आहे. फॉर्मांचे गठ्ठे मी खाली कारखान्यात देऊन टाकले होते. गणपतीच्या दिवसांत मूर्ती बांधायला कागद कमी पडत होता. चारशे माणसांची सह्यांसकट माहिती गणपतीच्या सोंडेभोवती आणि हातांभोवती गुंडाळून कुठे-कुठे गेली, आणि ते देताना मला उदारही वाटलं होतं.

वहिनीला सातवा संपत आला होता. दुपारची बॅच भरलेली, एक मशीन अडून बसलेलं, एक पालक दारात, आणि फोन वाजला. वहिनी होती. ती म्हणाली, मशीनवर शब्द आलेत, ‘यादी भरली’. आता काय करू? हे वाक्य मीच लिहिलेलं. मला वाटलं, एवढं शिकवलं तरी बाई फोन करते.

"मग वाढव ना गो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "सगळी?"

"व्हय, सगळी वाढव. माझी बॅच चाललीय."

मी फोन ठेवला. ती अजून पलीकडे होती की नव्हती, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी माडी उघडली, मशीनचा मॉनिटर चालू केला आणि सवयीने यादी बघायला गेले. वर ठळक अक्षरांत एकूण नावं लिहून येत. तिथे शून्य होतं. मी मशीन बंद करून पुन्हा लावलं. शून्य. खालपर्यंत गेले, काळा पडदा, एक अक्षर नाही. मला आधी वाटलं व्हायरस. त्या दिवसांत काहीही झालं की व्हायरस. मग मी सकाळच्या फोनची नोंद उघडली, जी प्रोग्राम स्वतः लिहून ठेवायचा. रोह्याकडून आलेले बदल: पुसलं, पुसलं, पुसलं. पानामागून पान. माझ्याच नियमाने, माझ्याच मशीनने, एकही प्रश्न न विचारता ती सगळी नावं इथेही पुसून टाकली होती. दोन्हीकडे सारखं झालं होतं.

मी खुर्चीवर बसले नाही, खाली जमिनीवर बसले. कारखान्यातला माणूस पिशवी मागायला वर आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी न मागताच खाली गेला. वहिनीचे दोन महिने राहिले होते. त्या सात माणसांची नावं मला आठवेनात. फिटरचं तेवढं आठवलं, तेही आडनाव. दोन वर्षं गावोगाव हिंडून जे जमवलं ते मी स्वतः डोक्यात ठेवलंच नव्हतं, कारण मशीनमध्ये होतं ना. दोन मशीनांमध्ये.

रोह्याचा फोन लागेना. मी एसटी पकडली. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, मला रस्ता दिसला नाही. मनात वहिनीला बोलायची वाक्यं तेवढी जुळवत होते, एकाहून एक तिखट.

ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. आत मशीन बंद, त्याच्यावर तिने आपल्या चांगल्या साडीचा तुकडा घातलेला, नीट चार बाजू सारख्या करून. चपला न काढताच मी विचारलं, काय केलंस गो हे, नावं कुठे गेली?

"वाढवली," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना ताई, सगळी वाढव."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग एकदम कळलं.

आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, बांगडी फुटत नाही, डब्यातलं कुंकू संपत नाही, सगळं वाढतं. जे तोंडाने म्हणू नये त्याला आपण वाढवणं म्हणतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं, आईच्या मांडीवर ऐकलेलं होतं. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की मला वाटायचं, इथे शब्दांना एकच अर्थ असतो, आणि तो माझा. वहिनीला समोर दिसत होती जिवंत माणसांची नावं, आणि तीही रक्त देणारी. जिवंत माणसाचं नाव पुसून टाक असं कुठलं शहाणं माणूस म्हणेल? ते वाढव असंच म्हणणार. तिने बरोबर ऐकलं होतं. चारशेच्या वर नावं, प्रत्येकावर जाऊन आठ नंबर, ‘नक्की?’, हो. दुपारी तीनला बसली ती दिवेलागणीपर्यंत. पाठ दुखायला लागली तेव्हा मागे पाट उभा करून त्याला टेकून बसली, असं ती म्हणाली. तिने यादी चोख वाढवली होती, एकही नाव राहिलं नव्हतं.

"अगं वाढव म्हणजे मोठी कर," मी म्हटलं. "पुढची जागा उघड. अजून दोन महिन्यांनी तुलाच लागणार ना ती यादी? मी कशाला पुसायला सांगीन?"

तिने सूप खाली ठेवलं. "मोठी?" तिने विचारलं.

"मोठी," मी म्हटलं.

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर घेऊन, मग पोट दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं हिला काही बाहेरचं लागलंय, आणि मग असा राग आला की सांगता येत नाही. मी एसटीत जुळवलेलं सगळं बोलले. हिच्या जिवासाठी मी दोन वर्षं पायपीट केली, आणि सगळं मातीत घालून वर हिला हसू सुचतंय. मी दहावी हा शब्दही काढला. शेजारच्या दारात माणसं आली. ती तशीच हसत, डोळे पुसत, आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, आता त्या सातांना शोधायचं कुठे? ती म्हणाली, लिहून घ्या. आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने माझ्यासमोर उलटं ठेवलं. सातही नावं तिने एका दमात सांगितली. कुणाचं घर कुठे, कोण पहिल्या शिफ्टला, कुणाकडे निरोप द्यायचा, कुणाची बायको आजारी असते. मशीन आलं त्या सकाळी वाचली तेव्हाच तिची पाठ झाली होती. नंतर रोज दिवा लावताना ती म्हणायची. मी लिहीत गेले. तिला साधी म्हणणारी मी. माझ्या दोन्ही मशीनांत जे उरलं नव्हतं ते या बाईकडे जसंच्या तसं होतं. बाकीची चारशे नावं मात्र गेली ती गेली. त्यांतली निम्मी-शिम्मी पुढे दीड वर्षात पुन्हा गोळा झाली, आणि त्या वेळी फॉर्म मी ट्रंकेत कुलूप घालून ठेवले.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बाळंतपण अलिबागला करायचं ठरलं, कारण रक्त आधी जुळवून ठेवायची सोय तिथे होती. सातांतला एक गुजरातला गेलेला निघाला, एकाला कावीळ होऊन गेलेली, दोघांच्या घरच्यांनी पाठवलं नाही. तीन आले. फिटर पहिली शिफ्ट सोडून आला, आणि त्याने आधी मला ओळखलंच नाही. वहिनीला मात्र लांबून हात केला. रक्त या वेळीही गेलं, पण या वेळी बाटली टांगलेली होती, आणि तिच्यामागे दुसरी तयार होती. मुलगी झाली. दोघी राहिल्या.

बाराव्या दिवसानंतर मी रोह्याला गेले, प्रोग्राम दुरुस्त करायला. दुपारची वेळ, बाळ झोपलेलं, दादा कामावर. वहिनी बाळाच्या बाजूला आडवी होती आणि मी मशीनपुढे बसून स्क्रीनवरचे शब्द बदलत होते. ‘यादी भरली’ च्या पुढे मी ‘नऊ दाबून मोठी करा’ असं लिहिलं. पुसण्यासाठी कोणता शब्द ठेवू म्हणून तिला विचारलं, तर ती म्हणाली पुसा असंच लिहा, बोलायचं नसतं, लिहायला हरकत नाही. माझा राग एव्हाना गेला होता, पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ती मी तिला विचारलीच. चारशे वेळा मशीनने तुला विचारलं, नक्की का? चारशे वेळा तू हो म्हटलंस. एकदाही वाटलं नाही का, की ताईला फोन करून कारण विचारावं?

ती बाळाकडे बघत होती. तिने सांगितलं, की त्या फोनच्या आदल्या दिवशी ती तपासायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून दादाला आत बोलावलं होतं. दादा बाहेर आला तो गप्प. जाताना बाईंनी पेणचा माझा नंबर मागून घेतला. ते सगळं अलिबागची व्यवस्था करण्यासाठी होतं हे आम्हाला ठाऊक होतं; तिला कुणी सांगितलं नव्हतं, घाबरेल म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर आलं, ‘यादी भरली’. तिने मला फोन केला, आणि मी म्हटलं, सगळी वाढव. यादी तर तिचीच, मीच सांगितलेलं.

"मला वाटलं, मी राहणार नाय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलंय, आणि आता यादी लागायची नाय, म्हणून वाढवायला सांगताय."

माझे हात बटणांवरच राहिले. तीनपासून दिवेलागणीपर्यंत ती इथेच, पाटाला टेकून बसली होती. पोटात सात महिन्यांचं बाळ घेऊन एकेक नाव पुसत होती, आणि प्रत्येक नावाला माझं मशीन तिला विचारत होतं, नक्की? रात्री तिने दादाला जेवायला वाढलं होतं. सकाळी तांदूळ निवडले होते. आणि मी दारात येऊन ओरडले तेव्हा ती जी हसली, ती मोठी कर हा शब्द ऐकून हसली होती.

"अगं मग विचारायचं तरी मला," मी म्हटलं.

"कसं विचारणार ताई?" ती म्हणाली. "विचारलं असतं, तर तुम्हाला सांगावं लागलं असतं ना."